मोर्शीकडील श्वान प्रशिक्षण केंद्र : दांडगी कुत्री, बंदीची यादी आणि आमचा अनुभव

मोर्शी-वरुड पट्ट्यातील संत्र्याच्या बगीच्यांत राखणीसाठी विदेशी जातीची दांडगी कुत्री आता सर्रास दिसू लागली आहेत, परंतु त्यांना वळण लावण्याची सोय अमरावती किंवा नागपूर गाठल्याशिवाय सहसा मिळत नाही. मोर्शी तालुक्यात एका निवृत्त पोलीस हवालदारांनी, ज्यांच्या नोकरीचा मोठा काळ श्वान पथकात गेला, आपल्याच शेतात चालवलेले प्रशिक्षण व निवास केंद्र ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढते. आमचा रॉटवायलर तेथे राहून आला, त्यानंतर संत्र्याचे आंबिया आणि मृग हे वर्षातले दोन्ही बहार तोडून झाले. शिकवण टिकली की नाही हे कळण्याइतका काळ गेल्यावरच मी हे परीक्षण लिहीत आहे. केंद्राचे नाव देत नाही, कारण चालकांचीच तशी विनंती आहे. ते कुत्री विकत नाहीत, तरीही काही विदेशी जातींवर सरकारी बंदी आल्याची बातमी झाल्यापासून ‘आमचा पिटबुल ठेवून घ्या’ म्हणणारे आणि ‘बंदीमुळे स्वस्तात सुटणारा एखादा असेल तर कळवा’ असे सांगणारे फोन त्यांना सारख्याच उत्साहाने येत असतात.

आमच्याकडे हा कुत्रा विकत आलेला नाही. माझा भाचा नागपुरात सदनिकेत राहतो. केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विभागाने १२ मार्च २०२४ रोजी राज्यांच्या मुख्य सचिवांना पाठवलेल्या पत्राची बातमी झाली, यादीत रॉटवायलरचे नाव निघाले, आणि इमारतीतील शेजाऱ्यांनी कुत्रा हलवण्याचा तगादा त्याच्यामागे लावला. हलवायचा कुठे, तर मावशीच्या बगीच्यात. आमच्या शिवारात अशाच तऱ्हेने शहरातून आलेली आणखीही कुत्री आहेत. बंदीवर एवढे लिहिले आणि बोलले गेले, पण शहराला नकोसा झालेला कुत्रा शेवटी जातो कुठे, याचा विचार त्यात मला क्वचितच आढळला. तो कोणाच्या तरी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, येतो, जेथे त्याची नोंद ठेवणारे कोणी नाही, कुंपणाला काटेरी तार आणि एखादे झटका मशीन एवढेच असते, आणि तोडणीच्या दिवसांत रोज नवे मजूर आत-बाहेर करत असतात.

ते पत्र मी काळजीपूर्वक वाचले आहे. पिटबुल टेरियर, तोसा इनू, अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरियर, फिला ब्राझिलेरो, डोगो अर्जेंटिनो, कांगल, कॉकेशियन शेफर्ड, अकिता, रॉटवायलर, केन कोर्सो अशा तेवीस प्रकारच्या कुत्र्यांची आणि त्यांच्या संकरांची विक्री, पैदास व पाळणूक यांना परवाने देऊ नयेत, आणि जी आधीच घरोघरी आहेत त्यांची नसबंदी करावी, असे त्यात राज्यांना सांगितले होते. यादी घाईने तयार झाल्याचे ती वाचतानाच जाणवते. तोसा हे एकाच जातीचे नाव त्यात दोन ठिकाणी आले आहे. ‘टेरियर’ असे मोघम लिहिल्यामुळे मांडीवर बसणारी लहानशी कुत्रीही अक्षरशः अर्थ लावल्यास धोकादायक ठरतात. उलट आमच्या भागात राखणीला सर्वाधिक दिसणारे जर्मन शेफर्ड, ज्याला गावात अजून अल्सेशियनच म्हणतात, आणि डॉबरमन या दोहोंचा त्यात उल्लेख नाही. यादीत आलेल्या कांगलचा तर मूळ धंदाच मेंढरे राखण्याचा आहे. तुर्कस्तानात तो लांडग्यांपासून कळप राखतो, आणि नामिबियात १९९० च्या दशकापासून याच वळणाची कुत्री शेळ्यामेंढ्यांच्या कळपांत मुद्दाम ठेवली जातात, म्हणजे चित्ते कळपावर येत नाहीत आणि शेतकरी चित्त्यांना मारत नाहीत.

हे पत्र न्यायालयात टिकले नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाने १० एप्रिल २०२४ रोजी ते रद्द केले आणि त्याच महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयातही त्याचा तसाच शेवट झाला. संबंधितांचे म्हणणे न ऐकता निर्णय घेतला, हा मुख्य आक्षेप होता. गावात मात्र बंदीची बातमी पोहोचली आणि ती रद्द झाल्याची बातमी वाटेतच राहिली. आजही आमच्या फाटकाशी थांबून ‘हा तर सरकारनं बंद केलेला कुत्रा हाय ना जी?’ असे विचारणारे भेटतात.

आता केंद्राविषयी. पहिल्या भेटीत कुत्र्याला गाडीतून उतरवूसुद्धा दिले नाही. हवालदारांनी आधी मला आणि आमच्या सालदाराला बाजेवर बसवून चौकशी केली : कुत्रा कोणाच्या हातचे खातो, रात्री मोकळा असतो की बांधलेला, साखळी किती लांब आहे, घरात लहान मूल आहे का, पूर्वी कोणाला दात लावला आहे का, आणि लावला असेल तर कुठे. हा शेवटचा प्रश्न त्यांनी दोनदा विचारला, कारण मालक त्यावर हमखास खोटे बोलतात असा त्यांचा अनुभव आहे. रेबीज, डिस्टेंपर आणि पार्व्हो या कुत्र्यांच्या रोगांवरील लसींचे कार्ड पाहिले. वयात आलेल्या नराची नसबंदी झालेली नसेल तर ती करून मगच या, असा नियम आहे आणि त्यात ओळखदेख चालत नाही. आमच्यादेखत एका बागायतदाराला त्यांनी परत पाठवले; त्याला बिबट्यावर सोडता येईल असा कुत्रा तयार करून हवा होता. ‘बिबट त्याले एका झटक्यात उचलून नेईन, अन् तुमचे पैसे पाण्यात,’ एवढेच बोलून त्यांनी विषय संपवला. 

शुल्क महिन्याला १०,००० रुपये आणि खुराक वेगळा. आमच्याकडे सालदाराला वर्षाचे जे ठरते ते पाहता ही रक्कम लहान म्हणता येणार नाही, आणि संत्र्याला भाव नसलेल्या वर्षी मी ती दिली असती की नाही, याची मला शंका आहे. 

जागा साधी पण विचारपूर्वक बांधलेली आहे. फाटके दोन आहेत, एकापाठोपाठ एक, आणि पहिले लागल्याशिवाय दुसरे उघडायचे नाही. मधल्या जागेत नळ आहे आणि त्याखाली साबणाची वडी ठेवलेली असते. दात लागला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची आणि मग रेबीजच्या लसीसाठी थेट ग्रामीण रुग्णालय गाठायचे, ही सूचना तेथे ठळक मराठीत लिहिली आहे. जखमेवर हळद, चुना किंवा मिरची भरण्याचा प्रकार आमच्या भागात अजून पुरता थांबलेला नाही, त्यामुळे ही पाटी मला शोभेची वाटली नाही.

शिकवण्याची पद्धत सविस्तर सांगण्यासारखी आहे. सुरुवात मुसक्यापासून होते. डवरणीच्या वेळी बैलाच्या तोंडाला बांधतो त्याच कामाचे हे साधन, फक्त तारेच्या जाळीचे आणि नाकापुढे ऐसपैस जागा ठेवलेले, म्हणजे कुत्र्याला तोंड उघडून धापा टाकता येतात आणि पाणीही पिता येते. बाजारात मिळणारे कापडी मुसके तोंड आवळून टाकते. आमच्याकडच्या मे महिन्यात ते बांधून कुत्रा उन्हात उभा केला तर तो जिवानिशी जाईल, कारण अंगातील उष्णता बाहेर टाकण्याचा त्याचा मुख्य मार्ग धापा टाकणे हाच आहे. पहिले काही दिवस मुसके बांधलेच नाही. जाळीच्या तळाशी दुधात कालवलेली भाकर चोपडायची, मुसके हातात धरायचे आणि कुत्र्याने आपणहून तोंड आत घालेपर्यंत थांबायचे. आमच्या ब्रूनोने प्रथम पंजाने ते पाडले, मग बाजूने चाटून पाहिले, आणि अखेरीस भाकरीच्या लोभाने डोळ्यांपर्यंत तोंड आत खुपसले. पट्टा बांधण्याची पाळी त्यानंतर आली. आज मुसके खुंटीवरून काढले की तो शेपूट हलवत पुढे येतो.

दुसरा टप्पा माणसांचा. मोठा कुत्रा शेतावर चावतो तो बहुधा चोराला चावतच नाही, डोक्यावर टोपले घेऊन वाकत चाललेल्या बाईला, सायकलवरून आलेल्या पोराला किंवा कीटकनाशकाचा पंप पाठीवर असलेल्या माणसाला चावतो, कारण ही माणसे त्याला माणसांच्या ओळखीच्या आकाराची दिसत नाहीत. हवालदारांचे हे निरीक्षण मला फार मोलाचे वाटले. ते गावातील बायांना रोजी देऊन बोलावतात आणि रिकामी टोपली डोक्यावर घेऊन कुत्र्यापुढून आधी लांबून, मग जवळून, मग बोलत, हसत आणि एकमेकींना हाका मारत जायला सांगतात. कुत्रा मुसके घालून बसलेला असतो. तो शांत राहिला तर घास, उठला तर तीच फेरी पुन्हा लांबून. आमच्या कुत्र्याला माणसांपेक्षा ताडपत्रीची जास्त भीती वाटते, हे याच फेऱ्यांत लक्षात आले. वाऱ्याने ताडपत्री फडफडली की तो गुरगुरत असे आणि घरी आम्ही त्याला राखणीचा गुण समजत होतो. 

तिसरी गोष्ट सालदाराची. कुत्रा हवालदारांच्या शब्दाबाहेर जात नसे, माझेही बऱ्यापैकी ऐकू लागला होता, परंतु रात्री जागलीला त्याच्याजवळ असणारा माणूस तिसराच. ‘ताई, कुत्र्याले मी शिकवतो जी, पण घरच्या माणसाईले कोण शिकवन?’ असे म्हणून त्यांनी सालदाराला शेवटच्या आठवड्यात तेथेच मुक्कामाला ठेवून घेतले, आणि ‘सोड’ म्हटल्यावर तोंडातली वस्तू सोडण्याचा सराव केवळ त्याच्याच हातून करून घेतला. बहुतेक मालक हा भाग टाळतात, कारण तेवढे दिवस घरचे काम अडते. माझ्या मते दिलेल्या पैशांचे खरे मोल याच आठवड्यात मिळाले.

बंदीविषयी हवालदारांचे मत ऐकून अनेकांना आश्चर्य वाटेल. पिटबुलची पैदास बंद व्हावी असे ते स्पष्ट म्हणतात. झुंजीसाठी पिढ्यानपिढ्या निवडून काढलेला कुत्रा इशारा न देता धरतो आणि धरले की सोडत नाही. चावणारी कुत्री अनेक असतात, पण चावल्यानंतर माणूस उरेल की नाही हा प्रश्न जातीवरून ठरतो, असा त्यांचा मुद्दा आहे. जुलै २०२२ मध्ये लखनौत एका वृद्ध शिक्षिकेचा घरच्याच पिटबुलने जीव घेतला, त्या घटनेचा ते नेहमी दाखला देतात. हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. बंदीला विरोध करणारे ‘कुत्रा वाईट नसतो, मालक वाईट असतो’ असे म्हणून मोकळे होतात, तेव्हा त्या जबड्याचा जोर ते सोयीस्करपणे विसरतात. 

तरीही यादीचा मार्ग मला पटत नाही, आणि त्याचे कारण पुस्तकी नाही. केंद्रात आलेल्या कुत्र्यांपैकी ज्यांना मालक ‘पिटबुल’ म्हणत होते, त्यांतील किती खरोखर त्या जातीचे होते हे खुद्द हवालदारही छातीठोकपणे सांगू शकत नव्हते. कागद कोणाकडेच नाहीत. कोणी जत्रेतून आणलेला, कोणी ढाब्यावरून. ज्या शिवारात कुत्र्याची जात विकणाऱ्याच्या तोंडावर अवलंबून आहे, तेथे जातीवर बंदी कोण आणि कशी अमलात आणणार? इंग्लंडने १९९१ च्या कायद्याने पिटबुल, जपानी तोसा, डोगो अर्जेंटिनो आणि फिला ब्राझिलेरो यांवर बंदी घातली. पुढे पिटबुलच्याच वळणावर वाढवलेला ‘एक्सएल बुली’ हा नवा धिप्पाड प्रकार पसरला, त्याने माणसे मारली, आणि ३१ डिसेंबर २०२३ पासून त्याचे नाव यादीत जोडावे लागले. नेदरलँड्सने १९९३ मध्ये पिटबुलवर बंदी आणली होती. चाव्यांचे प्रमाण घटले नाही म्हणून २००८ मध्ये ती उठवली. पैदास करणारा यादीच्या एक पाऊल पुढेच राहतो. 

आपल्याकडे पैदाशीवर लगाम घालणारे नियम मुळात आहेत. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार पैदास करणाऱ्याला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते आणि आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ अन्वये आपल्या ताब्यातील जनावरापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. तेथे कुत्रा कोणत्या जातीचा हे विचारलेलेच नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात तर कायम बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसे फिरवून न आणणे हाही गुन्हा आहे. बगीच्यातील बहुतेक कुत्री याच गुन्ह्याची बळी आहेत. दिवसभर आखूड साखळीला जखडलेला आणि रात्री एकदम मोकळा सोडलेला कुत्रा पिसाटतो, मग तो रॉटवायलर असो की गावठी. आमच्या तालुक्याच्या आठवडी बाजारात महिन्याभराची पिल्ले खोक्यात घालून उघड विकली जातात, आणि त्या खोक्याशी कोणी नोंदणी विचारल्याचे मी अजून पाहिलेले नाही.

केंद्राच्या उणिवा थोड्या नाहीत. निवासाचे गोठे टिनाचे आहेत. वर तुराट्या टाकल्या आहेत आणि कूलरही लावलेले आहेत, पण वीज गेली की कूलर बंद, आणि पारा पंचेचाळीसच्या पुढे गेलेल्या दुपारी दाट केसांच्या, जाड अंगाच्या कुत्र्याला टिनाखाली ठेवणे मला मुळीच मान्य नाही. पक्के छत होईपर्यंत एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत निवासी तुकडी घेऊच नये, असे मी त्यांना सांगून आले आहे. पशुवैद्य कायम उपलब्ध नसतो, फोन करून बोलवावा लागतो. पावती मागितल्याशिवाय मिळत नाही आणि कुत्र्याच्या प्रगतीची लेखी नोंद कोणतीच ठेवली जात नाही. श्वान पथकात आयुष्य काढलेल्या माणसाकडून ही ढिलाई अपेक्षित नव्हती. 

सर्वात मोठा आक्षेप वेगळाच आहे. आग्रह करणाऱ्या गिऱ्हाइकांना येथे इशाऱ्यावर हल्ला करण्याचे शिक्षणही जादा शुल्क घेऊन दिले जाते. हाताला जाड गोणपाटाची बाही बांधलेला पोऱ्या पळतो आणि कुत्रा त्याला धरतो. पोलिसांच्या कुत्र्यामागे चोवीस तास एक प्रशिक्षित माणूस असतो. संत्र्याच्या बगीच्यात रात्री एकटा सालदार असतो, आणि हंगामात तो बदलतोही. बिबट्यावर सोडण्याचा कुत्रा मागणाऱ्याला परत पाठवणाऱ्या माणसाने माणसावर सोडण्याचा कुत्रा तयार करून द्यावा, यातली विसंगती मी त्यांच्या तोंडावर बोलून दाखवली. ‘मी नाही शिकवलं तर दुसरा कोणी अर्धवट शिकवन,’ हे त्यांचे उत्तर. मला ते पुरेसे वाटत नाही, आणि माझ्या दृष्टीने केंद्राच्या गुणांतून सर्वात मोठी कपात याच कारणासाठी आहे.

घरी आल्यानंतरच्या परिणामाबद्दल : मागच्या तोडणीत बायामाणसे टोपली घेऊन कुत्र्याच्या जाळीजवळून बिनघोर जात होती. रानडुकरे आली की तो भुंकून सालदाराला उठवतो, पण मागे धावत नाही. रोह्यांचा, म्हणजे नीलगाईंचा, कळप त्याला फारसे मानत नाही, त्यासाठी झटका मशीनच लागते. धुऱ्यावरून मेंढपाळांचा कळप गेला तेव्हा त्यांची कुत्री आणि हा समोरासमोर आले, आणि ‘थांब’ म्हटल्यावर तो थांबला, जरी अंग थरथरत होते. ताडपत्रीची भीती पूर्ण गेलेली नाही. आम्ही फाटक दुहेरी करून घेतले, साखळीऐवजी जाळीचा मोठा वाडा बांधला, आणि तो खर्च प्रशिक्षणाच्या शुल्कापेक्षा जास्त झाला, हे नव्याने विचार करणाऱ्यांनी आधीच धरून चालावे.

पाचपैकी साडेतीन गुण देते. ज्यांच्याकडे मोठा कुत्रा आधीच आलेला आहे, त्यांनी अवश्य जावे आणि कुत्र्यासोबत राहणाऱ्या माणसालाही न्यावे. कुत्रा घ्यावा की नाही याच विचारात असलेल्यांनी रिकाम्या हाताने एकदा जाऊन ती बाजेवरची चौकशी ऐकून यावी. त्यासाठी पैसे लागत नाहीत. पोळा आणि तान्हा पोळा या दोन दिवशी केंद्र बंद असते, नवीन तुकडी पावसाळा ओसरल्यावर सुरू होते, आणि रस्ता शेवटचे काही अंतर काळ्या मातीचा असल्याने पाऊस पडून गेलेला असेल तर चारचाकी डांबरी रस्त्यावरच उभी करावी.